फ्रेम कोणाची, नाव कोणाचं?

उल्हासनगरच्या मालावर ‘मेड इन यूएसए’ असतं आणि यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद मुंबई-ठाण्यात तीन पिढ्या चालत आला आहे. मला तो कधीच पुरता पटला नाही. फाळणीनंतर कल्याणजवळच्या रिकाम्या लष्करी छावणीत लाखाच्या घरात सिंधी निर्वासित येऊन पडले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी त्या छावणीला उल्हासनगर हे नाव दिलं. बरॅकींत राहणाऱ्या, हाती भांडवल नसलेल्या त्या माणसांनी जे बनवता येईल ते बनवायला घेतलं. पापड-बिस्किटं, फर्निचर, विजेची उपकरणं, पुढे जीन्स. हात होते, हुन्नर होता. बाजारात चालणारं नाव मात्र नव्हतं. म्हणून काहींनी दुसऱ्याचं नाव लावलं. ते तेव्हाही बेकायदा होतं, आजही आहे, आणि त्याचं समर्थन मला करायचं नाही.

पण याच पट्ट्यात, उल्हासनगरच्या कॅम्पांपासून अंबरनाथ आणि बदलापूरपर्यंत, कुठल्याही मोठ्या सायकलीच्या दुकानात आज जा. काचेच्या दाराआड तीस-चाळीस हजारांच्या सायकली उभ्या असतात. नाव परदेशी वळणाचं, फ्रेम तिसऱ्याच कोणी तिसऱ्याच देशात बनवलेली, आणि तीच फ्रेम दुसऱ्या रंगात, दुसऱ्या स्टिकरखाली, दोन दुकानं सोडून वेगळ्या किमतीला विकायला असते. याला कोणी हसत नाही, कारण इथे नाव लावण्याची परवानगी कागदावर असते. कायद्याच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे. पण घेणाऱ्याच्या दृष्टीने खरा प्रश्न वेगळा आहे: फ्रेमवर ज्याचं नाव आहे, तो त्या फ्रेमबद्दल उत्तर देतो का? सायकलीच्या सव्वाशे वर्षांच्या धंद्याकडे या एका प्रश्नातून पाहिलं की बऱ्याच प्रतिष्ठित नावांची आणि बऱ्याच बदनाम गल्ल्यांची जागा बदलते.

दुसऱ्याच्या फ्रेमवर आपला बिल्ला ठोकणं ही काही आजची चलाखी नाही. बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीने बंदुकांबरोबर सायकलीचे सुटे भाग बनवले आणि ते देशभरच्या छोट्या दुकानदारांना विकले. दुकानदार नळ्या आणि जोड आणून फ्रेम उभी करायचा, पुढच्या नळीवर स्वतःच्या नावाचा पत्र्याचा बिल्ला लावायचा आणि ‘बीएसएचे भाग वापरले आहेत’ हे अभिमानाने सांगायचा. तीन बंदुका एकत्र उभ्या केलेलं बीएसएचं चिन्ह त्या भागांवर कोरलेलं असे. म्हणजे सायकल गावच्या कारागिराची, भाग कारखान्याचे, आणि दोघांची नावं उघड. यात कोणाची फसवणूक नव्हती. बिघडलं तर त्याच गल्लीतला तोच माणूस दुरुस्त करून देणार होता.

नंतरची गोष्ट वेगळी आहे, आणि ती आपल्या घरांपर्यंत येते. नॉटिंगहॅमच्या रॅले कंपनीने एकेक प्रतिस्पर्धी विकत घेतला: १९३२ मध्ये हंबर, १९४३ मध्ये रज, १९५७ मध्ये बीएसएचा सायकल विभाग. १९६० मध्ये ट्यूब इन्व्हेस्टमेंट्स या समूहाने रॅले घेतली, आणि त्या समूहाच्या हर्क्युलिस व फिलिप्स याही त्याच छत्राखाली आल्या. तिथून पुढे या सगळ्या नावांच्या सायकली मुळात रॅलेच होत्या. रॅलेच्या दातेरी चक्रात बगळ्यांचे आकार कापलेले, रजच्या चक्रात पंजा, हंबरच्या चक्रात माणसांच्या आकृत्या. हंबरचा दुहेरी नळ्यांचा फोर्कही मुद्दाम ठेवला होता, कारण गिऱ्हाईक त्यावरून ओळखत असे. बाकी फ्रेमचं माप आणि नळ्या एकच. महाराष्ट्रातल्या गावोगावी मास्तर, तलाठी आणि पोस्टमन हंबर भारी की रॅले भारी यावर वर्षानुवर्षं वाद घालत आले. तो वाद एका टप्प्यानंतर चक्रातल्या नक्षीपुरता उरला होता.

भारतात ही नावं आणखी एका वळणाने टिकली. मुरुगप्पा समूहाने इंग्लंडच्या ट्यूब इन्व्हेस्टमेंट्सबरोबर १९४९ मध्ये टीआय सायकल्स काढली आणि चेन्नईजवळ अंबत्तूरला कारखाना उभा केला. हर्क्युलिस, फिलिप्स, बीएसए ही तिन्ही नावं तिथून निघाली. इंग्लंडमध्ये ती जवळजवळ विझली. नॉटिंगहॅमच्या कारखान्यात फ्रेम बनणं १९९९ मध्ये थांबलं. आज बीएसए लेडीबर्ड ही तमिळनाडूच्या कंपनीने नावारूपाला आणलेली सायकल आहे, बर्मिंगहॅमचा तिच्याशी उरलेला संबंध तीन अक्षरांचा. तरीही इथे मला तक्रार करावीशी वाटत नाही. अंबत्तूरच्या कंपनीने ती नावं नुसती भाड्याने घेऊन मिरवली नाहीत. स्वतःचा कारखाना चालवला, खेड्यापाड्यांत विक्रेते आणि सुटे भाग पोहोचवले. नाव उसनं असलं तरी जबाबदारी स्वतःची होती.

आपल्या मुंबईतही एक नाव होतं. वरळीला हिंद सायकल्सचा मोठा कारखाना होता. तो आणि आसनसोलची सेन-रॅले हे दोन्ही कारखाने तोट्यात गेले आणि १९८० मध्ये संसदेने खास कायदा करून त्यांचं राष्ट्रीयीकरण केलं. हिंदची झाली नॅशनल बायसिकल कॉर्पोरेशन ऑफ इंडिया, सेन-रॅलेची झाली सायकल कॉर्पोरेशन ऑफ इंडिया. दोन्हींतली कुठलीच पुन्हा धड उभी राहिली नाही. तोपर्यंत सायकलीचा खरा धंदा लुधियानात गेला होता. मुंजाल बंधूंनी १९५६ मध्ये सुरू केलेली हीरो सायकल्स १९८६ मध्ये जगातली सर्वांत मोठी सायकल उत्पादक म्हणून गिनेसच्या पुस्तकात पोहोचली. लुधियानाचं बळ एका कंपनीत नाही. गल्लीगल्लीत रिम, हब, पॅडल, तारा, घंटा बनवणारे शेकडो छोटे कारखाने आहेत. मोठी नावं त्यांच्याकडून माल घेतात, छोटी नावंही त्यांच्याकडूनच घेतात. त्यामुळे दोन वेगळ्या नावांच्या साध्या सायकलींत पॅडलपासून घंटीपर्यंत तोच माल निघणं हे इथे नवल नव्हतंच.

आणि ते कोणी लपवतही नव्हतं. अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीची किंवा विम्को या काड्यापेटी कारखान्याची पाळी सुटली की बाहेर पडणाऱ्या कामगारांच्या काळ्या सायकली अशाच जोडलेल्या असत. फ्रेम या कंपनीची, रिम त्या कंपनीची, टायर-ट्यूब तिसरीची, सीट परवडेल ती. दुकानदार समोर बसून जोडून द्यायचा, आणि गिऱ्हाइकाला प्रत्येक वस्तूचं नाव आणि भाव ठाऊक असायचा. नावांचा बाजार तेव्हाही होता, पण वस्तू उघडी होती.

आजचा बाजार कसा घडला हे समजायला शिकागो आणि तैवानची हकिगत पाहावी लागते. या धंद्यात त्याहून बोलकं दुसरं उदाहरण नाही. श्विन ही १८९५ ची शिकागोची कंपनी. अमेरिकेत कित्येकांची पहिली सायकल श्विन असे. १९८० च्या अखेरीस तिच्या कारखान्यात संप झाला. कंपनीने तडजोडीऐवजी काम तैवानच्या जायंटकडे वळवलं. जायंट १९७२ मध्ये किंग लिऊ यांनी काढली होती आणि दुसऱ्यांच्या नावाने सायकली बनवून देणं हाच तिचा व्यवसाय होता. १९८३ मध्ये शिकागोचा कारखाना बंद झाला. श्विनकडे नाव, दुकानांचं जाळं आणि जाहिरात उरली. फ्रेम कशी बनते हे जाणणारे हात तैवानात होते. जायंटने १९८१ मध्येच स्वतःच्या नावाने सायकली काढायला सुरुवात केली होती. स्वस्तात काम मिळावं म्हणून श्विनने १९८७ मध्ये शेन्झेनच्या दुसऱ्या कंपनीशी हात मिळवला, तेव्हा जायंट श्विनच्याच बाजारात स्वतःचं नाव घेऊन उतरली. १९९२ मध्ये श्विनने दिवाळखोरी जाहीर केली. पुढे ते नाव हातोहात विकलं गेलं. बनवणारा आज जगातल्या सर्वांत मोठ्या सायकल कंपन्यांपैकी आहे.

ज्याने बनवण्याचं ज्ञान सोडलं आणि फक्त नाव ठेवलं, त्याचं नावही फार काळ टिकलं नाही, एवढं या हकिगतीतून निश्चित दिसतं. तैवानचीच मेरिडा याहून सबुरीने वागली. तिने २००१ मध्ये अमेरिकेच्या स्पेशलाइज्डमध्ये मोठा हिस्सा विकत घेतला. म्हणजे ज्यांच्यासाठी बनवायचं त्यांच्या घरातच ती जाऊन बसली. स्पेशलाइज्डचं मूळही ध्यानात घ्यावं. १९७४ मध्ये इटालियन सुटे भाग आयात करून विकणारी ती कंपनी. १९८१ ची तिची गाजलेली स्टंपजम्पर ही माउंटन बाइक जपानमध्ये बनवून घेतलेली होती. पण तिने फ्रेमच्या मापांवर, रचनेवर, चाचण्यांवर स्वतःची माणसं लावली. दुसऱ्याकडून बनवून घेणं आणि दुसऱ्याचं बनवलेलं उचलून त्यावर नाव टाकणं यांतला हा फरक आहे, आणि पुढे येणाऱ्या सगळ्या गोंधळात तो पकडून ठेवायला हवा.

शर्यतींच्या जगात तर खुद्द विजेत्यांच्या सायकलीच दुसऱ्याच्या असत. इटलीचा कारागीर दारिओ पेगोरेत्ती याने मिगेल इंदुराईनसाठी फ्रेम जोडल्या, पण त्यांवर नाव होतं पिनारेल्लोचं. १९९९ च्या टूर द फ्रान्समध्ये लान्स आर्मस्ट्राँगची वेळेविरुद्धच्या टप्प्याची टायटॅनियमची सायकल लाइटस्पीडने बनवलेली होती. रंग आणि नाव ट्रेकचं. प्रायोजकाने पैसे नावासाठी दिलेले असतात, आणि जिंकणाऱ्याला जी फ्रेम चांगली वाटते ती तो वापरतो. टीव्हीसमोर बसलेला माणूस मात्र नाव पाहून दुकानात जातो. प्रतिमा विकण्याचा हा सर्वांत शुद्ध नमुना, कारण इथे दाखवलेली वस्तू आणि विकलेली वस्तू यांत नावाखेरीज काहीच समान नसतं.

याच्या नेमकं उलट उदाहरण इंग्लंडच्या रेनॉल्ड्स कंपनीचं आहे. १९३५ मध्ये तिने ५३१ नावाची पोलादी नळी काढली. नळीची भिंत टोकाला जाड, मधे पातळ, म्हणून फ्रेम हलकी. फ्रेमवर लागणारं तिचं छोटं लेबल फार प्रामाणिक होतं. फक्त तीन मुख्य नळ्या ५३१ च्या असतील तर एक मजकूर, फोर्क आणि मागच्या नळ्यांसकट सगळी फ्रेम तीच असेल तर दुसरा. ज्याला वाचता येतं त्याला स्टिकरवरून फ्रेमच्या आतलं कळत होतं. आज आपल्या दुकानांतल्या फ्रेमवर ‘अलॉय’ एवढंच लिहिलेलं असतं. कुठलं अॅल्युमिनियम, भिंत सरळ की पातळ केलेली, वेल्डिंगनंतर उष्णतेची प्रक्रिया झाली की नाही, यातलं एक अक्षर नसतं.

आपल्याकडे गिअरच्या सायकलींचा हौशी बाजार खऱ्या अर्थाने २००५ नंतर उभा राहिला. त्या वर्षी सुरू झालेली फायरफॉक्स ही या बाजाराची पहिली मोठी कंपनी. तैवान-चीनमधल्या कारखान्यांकडून सायकली आणायच्या, चकचकीत दुकानांत ठेवायच्या, सायकलिंग ही जीवनशैली म्हणून विकायची, ही तिची रीत होती. २०१५ मध्ये हीरो सायकल्सने फायरफॉक्स विकत घेतली. जगातल्या मोठ्यात मोठ्या उत्पादकांपैकी एकाला ‘भारी सायकल’ विकण्यासाठी दुसरं नाव विकत घ्यावं लागलं! लुधियानाच्या कारखान्याला ती सायकल बनवता आली नसती असं नाही. पण दूधवाल्याच्या सायकलीवरचं नाव वीस हजारांच्या सायकलीवर चालणार नाही, हे कंपनीला कळलं होतं. या बाजारात प्रतिमेचं मोल किती आहे हे त्या एका सौद्यात दिसतं.

मग २०२० ची टाळेबंदी आली. जिम बंद, लोकल बंद. बदलापूरहून बारवी धरणाकडे, अंबरनाथहून मलंगगडाच्या पायथ्याकडे पहाटे सायकली दिसू लागल्या. दुकानांत माल उरला नाही. अशा वेळी नवी नावं पावसाळ्यातल्या टाकळ्यासारखी उगवतात. चीनमध्ये फ्रेमचे तयार साचे असतात. साचा कारखान्याच्या मालकीचा, कोणीही शंभर-दोनशे फ्रेम मागवाव्या, रंग आणि स्टिकर आपला सांगावा. कार्बनच्या महागड्या फ्रेमपासून लोखंडी जाड टायरच्या सायकलींपर्यंत सगळ्यांत हे चालतं. आयातदाराला एक नाव, एक चिन्ह, समाजमाध्यमांवर चार देखणे फोटो आणि रविवारच्या राइडला फुकट जर्सी एवढं जमवायचं असतं. याच्या खालच्या पायरीवर परदेशी मोटारींची नावं आणि चिन्हं लावलेल्या, पंख्याच्या पात्यांसारखी चाकं असलेल्या घडीच्या सायकली आल्या. त्यांतल्या बहुतेकांचा त्या मोटार कंपन्यांशी काडीचा संबंध नव्हता. ही सरळ बनावटगिरी, आणि ती उल्हासनगरात झाली नाही. देशभरच्या ‘ब्रँडेड’ दुकानांत आणि ऑनलाइन बाजारात उजळ माथ्याने झाली.

या दोन टोकांच्या मधे जो प्रांत आहे त्याचा निवाडा सोपा नाही. तयार साच्याची फ्रेम वाईटच असते असं नाही. कारखाना चांगला असेल आणि आयएसओ ४२१० या मानकाच्या चाचण्या झाल्या असतील, तर ती फ्रेम निर्धास्त चालवावी. त्या चाचण्यांत एक पॅडलवरच्या दाबाची असते: फ्रेमवर एक लाख वेळा जोर देऊन कुठे तडा जातो का ते पाहतात. प्रश्न असा की हे केलं का, आणि कोणी केलं, हे नाव लावणाऱ्याला तरी ठाऊक आहे का. अनेकदा त्याला ठाऊक नसतं. पुढच्या वर्षी तो दुसऱ्या कारखान्याकडे जातो, मॉडेलचं नाव तेच ठेवतो, आणि मागच्या वर्षीच्या फ्रेमबद्दल विचारायला त्याच्याकडेही कोणी उरत नाही.

याची परीक्षा घेणारा एक छोटा तुकडा आहे: मागचा गिअर ज्यावर टांगलेला असतो तो हँगर. अॅल्युमिनियमच्या फ्रेममध्ये तो मुद्दाम मऊ धातूचा, वेगळा, स्क्रूने बसवलेला असतो. सायकल उजवीकडे पडली की तो वाकतो किंवा तुटतो आणि फ्रेम वाचते. किंमत काहीशे रुपये. पण त्याचे आकार शेकडो, आणि दुसऱ्या फ्रेमचा हँगर सहसा बसत नाही. सायकलवर ज्याचं नाव आहे त्याने तीन वर्षांनी तो तुकडा दिला तर तो खरा ब्रँड, नाही दिला तर तो फक्त स्टिकर, असं मी मानतो. बदलापूरच्या एका ओळखीच्या मुलाचा हँगर बारवीच्या रस्त्यावर तुटला. विक्रेत्याने मॉडेल बंद झालं म्हणून हात वर केले. शेवटी उल्हासनगरच्या एका जुन्या मेकॅनिकने ड्रॉपआउटचा, म्हणजे मागचं चाक बसतं त्या खाचेचा, आकार पाहिला, ही फ्रेम दुसऱ्या एका नावाने येते हे ओळखलं, आणि त्या नावाचा हँगर मागवून बसवून दिला. जी माहिती विकणाऱ्याने द्यायला हवी होती ती काळ्या हाताच्या माणसाकडे मिळाली. त्या दुकानाच्या पाटीवर कुठल्याच कंपनीचं नाव नाही.

असे मेकॅनिक काय पाहतात ते शिकून घेण्यासारखं आहे. सायकल उलटी केली की पॅडलच्या आसाच्या नळीखाली कोरलेला क्रमांक दिसतो. त्याच्या मांडणीवरून कारखाना ओळखू येतो. वेल्डिंगची लकेर, केबल आत जाण्याची भोकं, मागच्या ड्रॉपआउटचा आकार यांवरून एकाच घरच्या फ्रेम कळतात. दोन सायकलींच्या मापांचा तक्ता मिलिमीटरपर्यंत जुळला तर त्या बहुधा जुळ्या आहेत. मग हब कोणाचे, क्रँक कोणाचा, फोर्क कोणाचा हे पाहायचं. चेन-स्टेवर, म्हणजे चेनलगतच्या मागच्या नळीवर, ठळक अक्षरांत ‘शिमानो’ लिहिलेलं असतं, आणि बऱ्याच सायकलींत शिमानोचा फक्त मागचा डिरेलर असतो, तोही सर्वांत खालच्या टूर्नी श्रेणीचा. क्रँक, ब्रेक, हब सगळे अनामिक. जपानच्या साकाई शहरात १९२१ मध्ये सुरू झालेल्या त्या कंपनीच्या पुण्याईवर बारा हजारांची सायकल पंधरा हजारांना जाते. पुढचा सस्पेन्शन फोर्कही असाच. स्वस्तातला असेल तर तो धक्का फारसा झेलत नाही, उलट वजन वाढवतो. पण फोटोत रुबाबदार दिसतो.

नाव बदलूनही स्वच्छ व्यवहार कसा होतो याचं एक उदाहरण सरकारी आहे. पश्चिम बंगालने २०१५ मध्ये सबुज साथी योजना सुरू केली आणि शाळकरी मुलामुलींना लाखोंनी सायकली दिल्या. त्या सायकलींवर योजनेचं नाव आणि चिन्ह. बनवणारे देशातले मोठे कारखानेच. नाव बदललं, पण निविदेत कोणी बनवली, किती किमतीत, कुठल्या मापाची हे सगळं नोंदलेलं. प्रतिमेसाठी पैसा कोणी घेतला नाही.

आणि आपल्या पट्ट्याने तर बनवणारा एक आणि नाव दुसऱ्याचं हा खेळ पूर्वीपासून पाहिला आहे. अंबरनाथची विम्को, म्हणजे वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी, १९२३ ची. स्वीडनच्या कंपनीची ती भारतातली शाखा. स्वतःच्या कारखान्यात काड्या बनवून तिने स्वतःची छाप देशभर नेली. पुढे २००५ मध्ये आयटीसीने ती घेतली. आयटीसी मात्र शिवकाशीकडच्या छोट्या कारखान्यांकडून काड्यापेट्या बनवून घेऊन आपल्या छापाने विकते. ज्या गावात काडी बनत होती ते नाव मागे पडलं, छाप पुढे राहिली. काड्यापेटीत हे खपून जातं, कारण काडी एकदाच पेटायची असते. सायकल दहा वर्षं चालायची असते, उतारावर, अंगाखाली.

उल्हासनगरच्या जीन्सचंही तसंच. कापड एकीकडून, शिलाई दुसरीकडे, धुलाई तिसरीकडे, आणि कमरेवरचा चामडी पट्टा व बटण सर्वांत शेवटी. तो शेवटचा पट्टा कोणाचा यावर किंमत ठरते. परवानगीशिवाय लावला तर ट्रेड मार्क कायदा १९९९ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. असा माल पकडल्याच्या बातम्या उल्हासनगरला नव्या नाहीत, आणि त्या कारवाया योग्यच आहेत. पण कायदा इथे नावाच्या मालकाचं रक्षण करतो. घेणाऱ्याला फ्रेम कोणी बनवली हे सांगण्याची सक्ती तो करत नाही.

ती सक्ती दुसऱ्या कायद्यात अर्धीमुर्धी आहे. वजनमाप कायद्याच्या २०११ च्या नियमांनुसार बंद खोक्यावर उत्पादक, पॅकर किंवा आयातदाराचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, किंमत आणि आयात माल असेल तर मूळ देश लिहावा लागतो. सायकल मात्र दुकानात खोक्यातून काढून, जोडून, पुसून उभी केलेली असते. खोक्यावरची माहिती खोक्याबरोबर भंगारात जाते. शिवाय ‘किंवा’ हा शब्द आयातदाराला मोकळा सोडतो. भिवंडीच्या गोदामाचा पत्ता दिला की काम झालं.

औषधांच्या बाबतीत हेच कोडं सरकारने सोडवलं आहे, आणि अंबरनाथ-बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींत काम करणाऱ्यांना त्याची माहिती असेल. औषध एक कंपनी बनवते, दुसरी आपल्या नावाने विकते. पाकिटावर बनवणाऱ्याचं नाव आणि पत्ता पूर्वीपासून सक्तीचा आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये नियम दुरुस्त झाले आणि १ मार्च २०२१ पासून नाव लावून विकणारी कंपनीही दर्जाला तितकीच जबाबदार धरली जाऊ लागली. ‘आम्ही फक्त विकतो’ हे उत्तर बंद झालं. सायकलीला हाच नियम लावायला काय हरकत आहे? पॅडलच्या नळीखाली क्रमांक असतोच. त्याच्याशेजारी कारखान्याचं नाव, देश आणि महिना कायमचा कोरावा. स्टिकर नको, तो निघतो. नाव लावणाऱ्याने विक्री थांबल्यावरही निदान पाच वर्षं हँगर आणि फ्रेमचे खास भाग द्यावेत. हमीच्या कागदावर चाचणी कोणी केली ते लिहावं. हे करणं मोठ्या कंपन्यांना जड नाही. ज्यांना जड आहे त्यांच्याकडे नावापलीकडे काही नाही, हे मग आपोआप दिसेल.

नियम येईपर्यंत घेणाऱ्याच्या हातात थोडं आहे, पण आहे. पक्क्या बिलावर फ्रेमचा क्रमांक लिहून घ्या. खोकं पाहायला मागा आणि लेबलचा फोटो काढून ठेवा. हँगरचा एक जास्तीचा तुकडा सायकलीबरोबरच विकत घ्या. दुकानदार तो देऊ शकत नसेल तर ती सायकल सोडा. आणि ज्याच्याकडे तुम्ही दुरुस्तीला जाणार आहात त्या मेकॅनिकला घेण्याआधी दाखवा, नंतर नव्हे.

हे सगळं ई-सायकलीमुळे आता तातडीचं झालं आहे. २५० वॅटपर्यंतची मोटर आणि ताशी २५ किलोमीटरच्या आत वेग असेल तर नोंदणी लागत नाही. स्टेशन गाठायला रिक्षाच्या रांगेत उभं राहणाऱ्या बदलापूरकराला ही सोय मोठी आहे, म्हणून नवी नावं पुन्हा उगवत आहेत. फ्रेम एकाची, मोटर दुसऱ्याची, कंट्रोलर तिसऱ्याचा, बॅटरीतल्या सेल कोणाच्या याचा पत्ता नाही, आणि वर एक झळाळतं नाव. साधी फ्रेम जुनी झाली तर गंजते. लिथियमची बॅटरी तीन-चार वर्षांत उतरते आणि वाईट असेल तर पेट घेते. ती बदलायला तेच खोबणीचं माप, तोच व्होल्टेज, तेच कनेक्टर लागतात. लोक रात्री ती इमारतीच्या जिन्यात चार्जिंगला लावून झोपतात. त्या बॅटरीवर सेल बनवणाऱ्याचं नाव, जोडणाऱ्याचं नाव आणि तारीख ही तिन्ही नसतील, तर ती सायकल कितीही देखण्या नावाची असो, विक्रीला उभी करू देऊ नये. नगरपालिकेचा परवाना तपासणारे आणि वजनमापाचे निरीक्षक दुकानात जातातच. त्यांना हे तपासायला सांगणारा एक आदेश पुरेसा आहे.